माप आपल्या हाती : स्वावलंबी जीवन आणि बाजाराची संस्कृती

जून महिन्यात वसतिगृहात नवे विद्यार्थी दाखल होतात, तेव्हा त्यांच्याबरोबर पत्र्याची पेटी, ताट-वाटी आणि आईने शिवलेली गोधडी येते. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत या तीन वस्तूंपैकी एक हळूच दिसेनाशी होते. ती वस्तू म्हणजे गोधडी. कोणी ती पेटीच्या तळाशी दडवतो, कोणी थंडी वाजली तरी अंगावर घेत नाही, आणि पहिल्या सुट्टीत घरी गेल्यावर ‘सगळ्यांकडे आहे तसे दुकानातले ब्लँकेट मला हवे’ असा हट्ट धरतो. आईच्या जुन्या लुगड्याचे आणि वडिलांच्या विटलेल्या धोतराचे थर एकावर एक ठेवून, दुपारच्या उन्हात बसून घातलेल्या त्या टाक्यांची ऊब काही या पंधरा दिवसांत कमी झालेली नसते. बदललेली असते ती मुलाची नजर. ही नजर कोणी बदलली, कशी बदलली आणि ती पुन्हा आपली आपल्याला कशी मिळवता येईल, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपले नागापूर या विचारासाठी योग्य ठिकाण आहे. एका बाजूस सीना नदी आणि तिच्या आसपासची शेती; दुसऱ्या बाजूस मनमाड रस्त्यालगतची औद्योगिक वसाहत. पाळी संपवून घरी निघालेला कामगार रोज कारखान्यात वस्तू घडवतो आणि रोज बाजारात वस्तू विकत घेतो. घडवताना तो स्वतःच्या श्रमाचा मोबदला मागून घेऊ शकत नाही. विकत घेताना स्वतःच्या गरजेचे माप स्वतः ठरवू शकत नाही. या दोन्ही ठिकाणी माप दुसऱ्याच्या हाती असते. स्वावलंबन म्हणजे काय, याची सुरुवात येथूनच करावी लागेल.

एका शंकेचे निरसन

‘स्वावलंबी जीवन’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे जुने खेडे उभे राहते. प्रत्येक गाव स्वतःचे अन्न पिकवत होते, स्वतःचे कापड विणत होते, बाहेरून केवळ मीठ येत होते. म्हणून पुन्हा त्या खेड्याकडे चला, असे सांगितले जाते. आपल्या समाजाने हे आवाहन डोळे मिटून स्वीकारता कामा नये. ते गाव स्वयंपूर्ण होते हे खरे मानले, तरी ते कोणाच्या बळावर स्वयंपूर्ण होते? मेलेली जनावरे ओढणारा, निरोप घेऊन दहा कोस धावणारा, वेशीची राखण करणारा आणि मोबदल्यात घरोघरी शिळी भाकरी मागणारा मनुष्य त्या स्वयंपूर्णतेच्या हिशेबात कोठे होता? त्याला कापडही मिळे; पण ते मढ्यावरचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे गाव आतून-बाहेरून ठाऊक होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना, खेड्याला राज्यघटनेचा पाया मानावे ही मागणी त्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारली आणि संकुचितपणा व अज्ञान यांचे आगर असेच खेड्याचे वर्णन केले. त्याआधी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी लोकांना मृतमांस व शिळे-उष्टे अन्न सोडण्यास सांगितले होते. स्त्रियांना स्वच्छ व नीटनेटके लुगडे नेसण्यास आणि जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकण्यास सांगितले होते. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. महार वतन कायद्याने संपुष्टात यायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

हा इतिहास लक्षात घेतला, म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगले कापड, चांगले अन्न आणि स्वच्छ पाणी नाकारले गेले, त्यांनी स्वतःच्या पैशाने नवे कापड विकत घेणे ही केवळ खरेदी नव्हती. ते स्वातंत्र्य होते. दुकानदार पैसे घेऊन जात न विचारता माल देतो, ही गोष्ट ज्यांनी बलुत्याची भाकरी मागितली त्यांच्यासाठी लहान नव्हती. दुसरी गोष्ट ही की, बाबासाहेबांनी यंत्राला विरोध केला नाही. यंत्रामुळे मनुष्याला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती वाढत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून आपण ज्या स्वावलंबनाचा विचार करणार आहोत, ते चरख्याकडे किंवा चावडीकडे परत जाणारे नाही, आणि गरिबीला मखरात बसवणारे तर मुळीच नाही.

मग प्रश्न असा उरतो : खरेदी हे जर एके काळी स्वातंत्र्य होते, तर त्याच खरेदीने आज आपल्याला पुन्हा बांधून टाकले आहे काय?

बाजार गरज कशी घडवतो

गरज भागवणारा बाजार जुना आहे. गरज घडवणारा बाजार त्या मानाने नवा. त्याच्या तीन रीती येथे पाहू.

पहिली रीत म्हणजे वस्तू लवकर निरुपयोगी व्हावी अशी योजना करणे. १९२४ च्या डिसेंबरात जगातील प्रमुख विजेच्या दिव्यांच्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला. दिवा अधिक काळ टिकावा यासाठी आजवर संशोधन करणाऱ्या या कंपन्यांनी आपसांत ठरवले, की दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांचेच असावे. आणि ज्याचा दिवा त्याहून अधिक काळ चालेल त्याने दंड भरावा. विज्ञानाचा उपयोग येथे वस्तू चांगली करण्यासाठी झाला नाही, ती ठरल्या वेळी बिघडावी यासाठी झाला. आज न उघडणारी बॅटरी, न मिळणारा सुटा भाग आणि ‘दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या’ हा दुकानातील सल्ला ही त्याच रीतीची नातवंडे होत.

दुसरी रीत अधिक खोल जखम करणारी आहे. ती वस्तू विकण्यापूर्वी लाज विकते. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हर कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आणले. सावळा रंग ही उणीव आहे, गोरा रंग झाल्यास नोकरी मिळते, लग्न ठरते, असा त्याच्या जाहिरातींचा सूर असे. उन्हात राबणाऱ्यांच्या या देशात बहुसंख्यांचा रंग सावळाच. म्हणजे लाज वाटण्यासाठी ग्राहकही बहुसंख्य. जातिव्यवस्थेने शतकानुशतके सांगितलेली उच्च-नीचतेची गोष्टच येथे नळीत भरून विकली गेली. पुढे जगभर टीका झाल्यावर २०२० मध्ये नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ हा शब्द घालण्यात आला. शब्द गेला, पण पंचेचाळीस वर्षे मुलींनी आरशात पाहून जे सोसले ते कोणत्या नळीने भरून निघणार? गोधडी दडवणाऱ्या मुलाची लाजही याच जातीची आहे.

तिसरी रीत म्हणजे पुडी आणि हप्ता. मोठी रक्कम जवळ नसलेल्या माणसाला माल लहान तुकड्यांत विकावयाचा, किंवा उद्याची कमाई आजच गहाण ठेवून घ्यावयाची. येथे विद्यार्थ्यांनी गणित करावे. समजा, दहा रुपयांच्या कुरकुरीत पदार्थाच्या पुडीवर निव्वळ वजन २५ ग्रॅम लिहिलेले आहे. म्हणजे तो पदार्थ आपण किलोला ४०० रुपये भावाने घेतला. त्याच पैशांत शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ यांचे किती खाद्य येईल, हे आपल्या गावच्या दुकानात जाऊन पाहावे.

दुसरे उदाहरण घेऊ. १५,००० रुपयांचा फोन महिना १,५०० रुपयांच्या बारा हप्त्यांत घेतला. एकूण १८,००० रुपये दिले. म्हणजे ३,००० रुपये जास्त. दुकानदार म्हणतो, ‘व्याज फक्त वीस टक्के.’ परंतु पहिल्याच महिन्यापासून आपण मुद्दल फेडत आहोत, संपूर्ण १५,००० रुपये वर्षभर आपल्याकडे राहिलेले नाहीत. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला तर व्याजाचा खरा दर वर्षाला सुमारे पस्तीस टक्के निघतो. पूर्वी सावकाराच्या वहीवर अंगठा उठत असे. आता फोनच्या काचेवर उठतो. साक्षर मनुष्याने हा अंगठा उठवण्यापूर्वी हिशेब मांडला नाही, तर त्याच्या साक्षरतेचा उपयोग तो काय?

बुद्धांचा तराजू

या प्रश्नाकडे भगवान बुद्धांनी कसे पाहिले? येथेही एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. बुद्धांनी गृहस्थाला दारिद्र्याचा उपदेश केला नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ही गोष्ट आवर्जून मांडली आहे. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखे आहेत : कष्टाने व न्यायाने मिळवलेले धन जवळ असण्याचे सुख, ते योग्य रीतीने उपभोगण्याचे सुख, ऋणमुक्त असण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. यांतील तिसऱ्या सुखाला पालीत ‘अनणसुख’ म्हणतात. कोणाचेही, थोडे किंवा फार, देणे नाही या जाणिवेने मिळणारे हे सुख मोक्षाच्या गोष्टींत नव्हे, संसाराच्या गोष्टींत सांगितले आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्याच निकायात दीघजाणू नावाच्या कोलियाची कथा आहे. आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, सोने-रुपे वापरणारी माणसे. आमच्या या लोकीच्या हिताचे काही सांगा, अशी त्याने बुद्धांना विनंती केली. बुद्धांनी चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा म्हणजे उद्योग व कौशल्य, आरक्खसंपदा म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्तता म्हणजे चांगली संगत, आणि समजीविता म्हणजे आय-व्ययाचा समतोल. हा समतोल समजावण्यासाठी त्यांनी तराजूचा दृष्टान्त दिला. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले, किती उचलले हे जसे कळते, तसे गृहस्थाला स्वतःच्या मिळकतीचे आणि खर्चाचे कळले पाहिजे. थोड्या मिळकतीवर मोठा थाट करणाऱ्याला ते उंबराचे झाड हलवणाऱ्याची उपमा देतात : खातो थोडी फळे, पाडतो पुष्कळ. आणि मोठी मिळकत असूनही उपाशी जगणाऱ्या कंजूष माणसालाही ते दोषच देतात. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे : हातात तराजू नाही.

वस्तू किती काळ आणि कशी वापरावी, याविषयी चुल्लवग्गात आनंद स्थविरांचा एक सुंदर प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला हे रुचले नाही. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, दुकान घालणार काय, अशी त्याला शंका आली. त्याने विचारले; आनंदांनी उत्तर दिले की, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरच्या बैठका. त्या विरल्यावर? पायपुसणी. मग धूळ झटकण्याची फडकी. आणि शेवटी त्या फडक्यांचे तुकडे मातीत कालवून त्या मातीने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हजार तासांत मरण्यासाठी घडवलेला दिवा आणि मातीत मिसळेपर्यंत सेवा देणारे हे चीवर यांची तुलना विद्यार्थ्यांनी आपल्या मनाशी करावी. आणि मग आईच्या गोधडीकडे पुन्हा पाहावे. लुगडे, लुगड्याचे पांघरूण, पांघरुणाची गोधडी, गोधडीची बिछायत, बिछायतीचे पायपुसणे : जी परंपरा चुल्लवग्गात लिहिलेली आहे, तीच आपल्या आजीने एकही अक्षर न वाचता चालवली आहे.

परंतु येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. आरंभीचे भिक्खू पांसुकूल चीवर वापरीत. म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून केलेले वस्त्र. आणि आपल्या पूर्वजांनाही मढ्यावरचेच कापड वापरावे लागे. मग दोहोंत फरक काय? कापड तेच आहे, स्मशानही तेच आहे. फरक एवढाच, की भिक्खूने ते स्वतःच्या इच्छेने निवडले आणि आपल्या पूर्वजांवर ते लादले गेले. भिक्खूच्या अंगावर ते मुक्तीची खूण झाले. आपल्या पूर्वजांच्या अंगावर दास्याची. स्वावलंबनाचा सारा अर्थ या फरकात साठवलेला आहे. साधे राहणे म्हणजे स्वावलंबन नव्हे, आणि पुष्कळ वस्तू असणे म्हणजे परावलंबन नव्हे. आपल्या गरजेचे माप जो स्वतः ठरवतो तो स्वावलंबी. गावकीने ठरवलेली लाचारी जशी आपण नाकारली, तशी जाहिरातीने ठरवलेली गरजही नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आपल्या जिल्ह्यातील दोन धडे

हे केवळ ग्रंथातील विचार आहेत असे कोणी म्हणू नये. आपल्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, त्याची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. २०२० च्या पद्मश्री सन्मानांत या जिल्ह्यातील दोन नावे होती : अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे पोपटराव पवार.

राहीबाई महादेव कोळी या आदिवासी समाजातील. शाळेची पायरी त्यांनी चढलेली नाही. घरातील नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा बाजारातील फवारणीच्या भाजीपाल्यावर त्यांचा संशय गेला आणि त्या जुन्या गावरान वाणांकडे वळल्या, असे त्या सांगतात. वाल, घेवडा, भात, रानभाज्या अशा वाणांचे बियाणे त्यांनी गोळा केले, परसबागेत वाढवले, जपले आणि इतर बायकांना दिले. बाएफ या संस्थेच्या साहाय्याने त्यांच्या घरीच बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीने जगातील शंभर प्रेरणादायी स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले.

या कामाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे विज्ञान समजून घेतले पाहिजे. संकरित बियाणे दोन निवडक वाणांच्या संकरातून तयार होते. पहिल्या पिढीतील रोपे एकसारखी व जोमदार येतात. परंतु त्यांचे बी पुन्हा पेरले, तर आनुवंशिकतेच्या नियमानुसार पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि पीक एकसारखे येत नाही. मेंडेलच्या वाटाण्याचा धडा ज्यांनी वाचला आहे त्यांना हे सहज उमगेल. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. गावरान सरळ वाणाचे तसे नाही. चांगले कणीस, चांगली शेंग निवडावी, उन्हात वाळवावी, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवावी. पुढच्या हंगामाचे बी घरात तयार. बियाणे बँकेची सर्वसाधारण रीत अशी, की नेलेले बी पीक आल्यावर वाढवून परत करावयाचे. हे देणे शेतातच उगवते, म्हणून त्याने कोणी बुडत नाही.

बियाण्यावर सत्ता कोणाची, हा वाद किती खरा आहे याचे एक उदाहरण पुरेसे आहे. २०१९ च्या एप्रिलात पेप्सिको कंपनीने स्वतः नोंदवलेल्या बटाट्याच्या वाणाची लागवड केली म्हणून गुजरातमधील काही शेतकऱ्यांवर दावे लावले आणि मोठी नुकसानभरपाई मागितली. देशभर विरोध झाला आणि मे महिन्यात कंपनीने ते दावे मागे घेतले. आपल्या देशात २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्याच्या ३९ व्या कलमाने दिला आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी छापील नावाने विकण्यास मनाई आहे. राहीबाईंच्या मडक्यातील मूठभर वाल म्हणजे या हक्काचा रोजचा वापर आहे. हक्क वापरला नाही तर तो कागदावरच वाळून जातो.

हिवरे बाजारचा धडा पाण्याचा आहे. पर्जन्यछायेतील हे गाव दुष्काळाने आणि उजाड डोंगरांनी गांजले होते. माणसे कामासाठी बाहेर पडत होती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, बंधारे घातले. पाऊस अडवणारी इतरही गावे आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढचे आहे. गावाने स्वतःवर बंधने घालून घेतली : शेतीसाठी विंधन विहीर नाही, ऊस आणि केळी नाही, मोकाट चराई नाही, कुऱ्हाड नाही. दरवर्षी पडलेला पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवावयाचे. पाऊस कमी झाला तर पीक बदलावयाचे. समजीवितेचा जो तराजू बुद्धांनी दीघजाणूच्या हाती दिला, तोच येथे एका गावाने पाण्यासाठी हाती धरला आहे.

जुन्या खेड्याची स्वयंपूर्णता आणि हे स्वावलंबन यांतील भेद कोणता, हेही येथे पाहावे. तेथे माप वतनाने ठरत असे. येथे ते ग्रामसभेत, मोजलेल्या आकड्यांवरून ठरते. अर्थात ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला या पाण्यातून काय येते, हा प्रश्न प्रत्येक आदर्श गावाला विचारत राहणे हे आपले कर्तव्य आहे. समतेशिवाय आलेले स्वावलंबन हे पुन्हा काहींचेच स्वावलंबन ठरते.

वसतिगृह : स्वावलंबनाची पाठशाळा

वसतिगृह ही आपल्या चळवळीची जुनी शक्ती आहे. जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या वतीने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले गेले. त्याच काळात, १९२४ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले एका पंक्तीत जेवत, स्वयंपाकाला हात लावत, शेतात राबत आणि शिकत. वसतिगृह चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे रयत शिक्षण संस्थेचे ब्रीद आणि ‘कमवा व शिका’ ही तिची योजना या पंक्तींतूनच उभी राहिली.

आजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यानेही स्वतःचे कपडे धुवावेत, निसटलेले बटण लावावे, सायकलचे पंक्चर काढावे, परसात मेथी-पालक लावावा, भाजी निवडावी, पोळी लाटावी. आणि ही कामे मुलींची व ही मुलांची असा भेद करू नये. ज्याला हाताने काही करता येते त्याला वस्तूची खरी किंमत कळते, आणि ज्याला किंमत कळते त्याला फसवणे अवघड असते.

मर्यादा आणि मार्ग

या विचाराच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. दोन पाळ्या करून घरी येणाऱ्या मातेला ‘तुम्ही घरीच सारे करा’ असा उपदेश करणे अन्यायाचे आहे. तिला आधी वेळ हवा, पुरेसे वेतन हवे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९४६ च्या कायद्याने कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. एका माणसाच्या काटकसरीने जे कधीच घडले नसते, ते संघटित मागणीने घडले. म्हणून स्वावलंबन म्हणजे एकट्याने सर्व काही करणे नव्हे. बियाणे बँक, ग्रामसभा, बचत गट, सहकारी भांडार, कामगार संघटना ही सारी सामूहिक स्वावलंबनाचीच रूपे आहेत. मोठ्या कंपनीपुढे एकटा ग्राहक दुबळा असतो. एकत्र आलेले शंभर ग्राहक भाव विचारू शकतात.

तसेच, खर्च कोठे करू नये याबरोबर तो कोठे करावा हेही कळले पाहिजे. पुस्तक, औषध, पौष्टिक अन्न, चष्मा, परीक्षेचे शुल्क, शिकण्यासाठी लागणारा संगणक यांवर हात आखडू नये. आपल्या घरांतील वाचलेला प्रत्येक रुपया शिक्षणाच्या वाटेला लागला, तर तोच बाजाराला दिलेला सर्वांत मोठा नकार होय.

राहिली गोष्ट गोधडीची. ती पांघरावी की ब्लँकेट घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. थंडी अधिक असेल आणि ऐपत असेल तर ब्लँकेट घेण्यात काहीही गैर नाही. परंतु लाजेपोटी गोधडी दडवू नये. वस्तू निवडताना मनाला एकच प्रश्न विचारावा : हे मला हवे आहे, की हे मला हवे असावे असे कोणीतरी ठरवले आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला स्वतः देता येते, त्याच्या हातून माप हिसकावून घेणे कोणत्याही कंपनीला आणि कोणत्याही गावकीला शक्य होत नाही.

स्वाध्याय

१. एक महिनाभर स्वतःचा प्रत्येक खर्च वहीत लिहा. प्रत्येक नोंदीपुढे ‘गरज’, ‘आवड’ किंवा ‘दुसऱ्याचे पाहून’ यांपैकी एक शब्द लिहा. महिनाअखेर तिन्हींची बेरीज करा.

२. पुडीतील कोणतेही तीन पदार्थ घेऊन त्यांवरील निव्वळ वजनावरून किलोचा भाव काढा व सुट्या धान्याशी तुलना करा.

३. आपल्या आजी-आजोबांना विचारून, पूर्वी घरी राखले जाणारे आणि आता नाहीसे झालेले पाच वाण लिहून आणा. त्यांपैकी एखाद्याचे बी मिळाल्यास वसतिगृहाच्या परसात लावा.

४. ‘पांसुकूल चीवर आणि मढ्यावरचे कापड’ यांतील भेद आपल्या शब्दांत दहा ओळींत मांडा.

५. पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर आईजवळ बसून गोधडीचे निदान चार टाके घालायला शिका.